तिकीट हातात, जागा कुठे?

डहाणूहून निघालेली सकाळची लोकल बोईसरला येते तेव्हा बायकांच्या डब्यात एखादी जागा शिल्लक असली तर असते. उमरोळीला ती आशाही संपते आणि पालघरला चढणारीने दारालगत उभं राहायची तयारी ठेवूनच घरातून निघायचं. पास मात्र प्रत्येकीच्या पर्समध्ये असतो. तो पूर्ण पैसे भरून काढलेला, तारखेचा, शिक्क्याचा असतो. पास म्हणजे गाडीत चढायची परवानगी. बसायला मिळेल असं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं आणि त्यावरून कुणी भांडतही नाही.

मेल-एक्स्प्रेसचा हिशेब वेगळा. तिथे कन्फर्म तिकिटावर डबा आणि बर्थ दोन्ही छापलेले असतात. तिकीट काढलं की जागेची काळजी संपली. हे दोन्ही हिशेब आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. युरोपातल्या गाड्यांमध्ये हे दोन्ही एकाच वेळी चालतात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. त्या न कळण्याची किंमत सतरा-अठरा हजार रुपये पडली. म्हणून या महिन्यात हाच विषय. आपल्या पालघर, बोईसर, तारापूरच्या कितीतरी घरांतली मुलं आज जर्मनीला शिकायला आणि नोकरीला जात आहेत, आणि त्यांच्यामागून आईवडीलही भेटायला निघाले आहेत.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाचजण श्टुटगार्टला गेलो होतो. अम्मी, भाईजान, भाभी, त्यांची अकरा वर्षांची धाकटी मुलगी आणि मी. भाईजानचा मोठा मुलगा तिथे शिकला आणि तिथेच नोकरीला लागला. तीन वर्षं तो घरी आला नव्हता. भाईजानांची सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत गेली, इंग्रजी फॉर्म भरायचा प्रसंग त्यांना फारसा आला नाही. त्यामुळे घरातली "शिकलेली" म्हणून तिकिटांचं काम माझ्याकडे आलं. अम्मींनी एका पाकिटात पैसे आणून दिले. अब्बांच्या पेन्शनमधून बाजूला टाकलेले. म्हणाल्या, "माझ्या तिकिटाचे मीच देणार. मोजून घे."

पोरांची हौस होती की जर्मनीला जातोच आहोत तर पॅरिसही पाहू. श्टुटगार्टहून पॅरिसला थेट वेगवान गाडी आहे, साडेतीन तासांच्या आत पोचते. मी युरेल पासची माहिती वाचली. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी हा पास आहे, तेहतीस देशांत चालतो. बारा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर फुकट, साठ वर्षांवरच्यांना दहा टक्के सवलत. एका महिन्यातले कोणतेही पाच दिवस निवडा आणि हव्या त्या गाडीत बसा. माझ्या डोळ्यांसमोर लगेच आपला लोकलचा पास आला. मी मागचापुढचा विचार न करता चार पास घेतले, मुलीचा पाचवा फुकट मिळाला, आणि घरी जाहीर केलं की गाड्यांचं काम झालं.

निघायला तीन आठवडे होते. व्हिडिओ कॉलवर भाच्याने सहज विचारलं, "फुप्पी, पॅरिसचं रिझर्वेशन कितीच्या गाडीचं केलंत?"

मी म्हटलं, "पास आहे ना."

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पास आहे, पण जागा?"

तेव्हा कळलं ते असं. फ्रान्समधल्या टीजीव्ही, फ्रान्स-जर्मनीमधल्या वेगवान गाड्या, युरोस्टार, स्पेन आणि इटलीतल्या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या झोपायच्या गाड्या, या सगळ्यांत पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे. फ्रान्समधल्या देशांतर्गत टीजीव्हीला ते साधारण १० ते २० युरो असतात. ज्याला पास फुकट मिळाला त्या लहान मुलालाही आरक्षणाचे पैसे भरावेच लागतात. वर पासवाल्यांसाठी अशा अनेक गाड्यांत ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी धावली तरी पासवाल्याला जागा नाही. आम्हाला हव्या त्या दिवसांच्या जागा संपलेल्या होत्या. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. एका बर्थवर दोघांनी बसून जाऊ, ही आपली सोय तिथे नाहीच. पूर्ण भाड्याची तिकिटं उरली होती, पण पाचजणांचं जाऊन-येऊन भाडं पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

आता खरी गोष्ट सांगते. मी चार दिवस घरात कुणाला काही बोलले नाही. वर्गात एखाद्या मुलाने गृहपाठ केला नसेल तर मी म्हणते, "केला नाही ते चालेल, लपवू नकोस." आणि मीच लपवत होते. रात्री उठून उठून गाड्या शोधायची. कुठेतरी पाच जागा निघतील, म्हणजे कुणाला कळायच्या आत सगळं नीट होईल, अशी आशा होती. निघाल्या नाहीत. पाचव्या दिवशी फज्रनंतर अम्मी तस्बीह घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. तुमचे पैसे मी न समजून घेता खर्च केले, हेही सांगितलं.

अम्मींनी विचारलं, "आपण पोराला बघायला जातोय की पॅरिसला?"

"पोराला."

"मग त्याच्या गावाला जायला जागा आहे ना?"

होती. नव्हती ती पॅरिसची. भाभींचा चेहरा थोडा उतरला, मुलगी रुसली, पण तासाभरात घर पुन्हा बॅगा भरायला लागलं. पास अजून सुरू केलेले नव्हते आणि सवलतीच्या योजनेतले नव्हते, म्हणून १५ टक्के कापून बाकीचे पैसे परत मिळाले. कापले गेलेले पैसे मी माझ्या पगारातून भरले. भाईजान नको नको म्हणत होते, पण अमानत म्हणून हातात घेतलेल्या पैशांत तूट आली तर ती घेणाऱ्याने भरावी. अम्मींचं पाकीट जसं आलं होतं तसं परत ठेवलं, तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

मग भाचा आणि मी कागद-पेन घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसलो. त्यातून जे शिकले ते क्रमाने लिहिते.

पहिली गोष्ट, पास घ्यायच्या आधी प्रवास कागदावर लिहा. कोणत्या दिवशी कुठून कुठे, गाडी कोणत्या प्रकारची, आरक्षण सक्तीचं की ऐच्छिक, सुटं तिकीट केवढ्याला. दोन-तीन मोठे प्रवास असतील तर पासापेक्षा सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. चार-पाच देश फिरायचे असतील, तेही आयत्या वेळी ठरवत, तर पास उपयोगी. तिथे राहणाऱ्या मुलाला मात्र युरेल मिळत नाही. युरोपच्या रहिवाशांसाठी इंटररेल हा वेगळा पास आहे, आणि त्यावर स्वतःच्या राहत्या देशात फक्त एकदा बाहेर जाण्याचा आणि एकदा परत येण्याचा प्रवास होतो. आई युरेलवर आणि मुलगा इंटररेलवर, असे एकाच गाडीतून जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट, देश बदलला की नियम बदलतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दिवसाच्या गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही. तिकीट किंवा पास असला की चढायचं, रिकाम्या जागेवर बसायचं. जागा पक्की हवी असेल तर ती वेगळी विकत घ्यायची. जर्मनीत दुसऱ्या वर्गाच्या एका जागेला आता ५.५० युरो पडतात. लहान मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाला पूर्वी एकत्र आरक्षण स्वस्तात मिळे, ती सोय १५ जून २०२५ पासून बंद झाली. आमच्या अम्मींचे गुडघे दुखतात. त्यांना उभं ठेवून पैसे वाचवायचे नव्हते, म्हणून लांबच्या प्रवासाला आम्ही पाचही जागा घेतल्या. तरुण मुलं दोघं-तिघं जात असतील तर नाही घेतल्या तरी चालतं.

तिसरी गोष्ट, लवकर घेतलेलं तिकीट स्वस्त. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि साध्या मेल-एक्स्प्रेसचं मूळ भाडं पहिल्या दिवशी काढा की शेवटच्या, तेच असतं. जर्मनीत विमानासारखं चालतं. स्वस्त तिकिटांचा ठरावीक साठा असतो, तो संपत जातो तसा दर चढत जातो. पण स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं, आणि सगळ्यांत स्वस्त असतं ते रद्दही करता येत नाही. म्हणून व्हिसा हातात आल्याशिवाय असं तिकीट घेऊ नका. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. त्यात तिकिटाचेही पैसे बुडवून घेण्यात शहाणपण नाही. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उशीर आपल्या बाजूने होऊ देऊ नका.

चौथी गोष्ट, जर्मनीत पंधरा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर लांबच्या गाडीत फुकट जातं, पण सहा ते चौदा वर्षांच्या मुलाची नोंद तिकीट काढतानाच करावी लागते. आमच्या मुलीची नोंद केली, तिकीट चौघांचंच घेतलं.

पाचवी गोष्ट नावाची, आणि ही आपल्या घरांना विशेष लागू आहे. आपल्या कितीतरी बायकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. सगळं नाव एकाच रकान्यात. अम्मींचा पासपोर्ट तसाच. पास प्रत्येकाच्या नावाचा असतो आणि नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं. फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाही. अशा वेळी अंदाजाने काही भरू नका. विकणाऱ्याला आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जर्मनीतल्या सुट्या तिकिटाला ही अडचण आली नाही. एकत्र काढलेल्या ऑनलाइन तिकिटावर एकाच प्रवाशाचं नाव असतं. आम्ही भाईजानांचं दिलं. ज्याचं नाव आहे त्याने सोबत असलं पाहिजे आणि पासपोर्ट जवळ ठेवला पाहिजे.

सहावी गोष्ट पैसे भरण्याची. आपल्या बँकेचं कार्ड परदेशी व्यवहारासाठी बहुधा बंद असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे ते आपण सांगून चालू करून घ्यावं लागतं. रात्री अकराला शेवटच्या स्वस्त जागा दिसत असताना कार्ड नाकारलं गेलं तर जीव कासावीस होतो. चलन बदलताना बँक काही टक्के वरून घेते, तेही हिशेबात धरा. आणि प्रवासासाठी व्याजाचे हप्ते मात्र डोक्यावर घेऊ नका. सहा महिने उशिरा जा, पण जोडलेल्या पैशांनी जा.

सातवी गोष्ट, विमानाच्या वेळेला चिकटून गाडी घेऊ नका. पासपोर्टची रांग, सामान, म्हाताऱ्या माणसांचं चालणं. आम्ही फ्रांकफुर्टला उतरल्यावर तीन तास हातात ठेवले होते, तरी शेवटचा अर्धा तासच मोकळा मिळाला. गाडीच उशिरा असेल तर घाबरू नका. पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, तर जर्मनीत ठरलेल्या गाडीचं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. युरोपीय संघाच्या नियमाने एक तास उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. तिकीट फेकू नका.

गाडीत चढणं आपल्यासारखंच. फलाटावर इंग्रजी अक्षरं लावलेली असतात, कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी येणार ते फलकावर दिसतं. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, हमाल नसतात. बोईसरला दोन मिनिटांत सगळं बिऱ्हाड मेलमध्ये चढवायची आपली सवय तिथे कामी आली. आधी अम्मी, मग बॅगा, शेवटी भाईजान. आरक्षित जागेच्या वर कुठून कुठपर्यंत ती घेतलेली आहे ते लिहून येतं. गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत त्या जागेवर जाऊन बसायचं, नाहीतर हक्क जातो. म्हणून चुकीच्या डब्यात चढलात तर आधी चालत जागा गाठा, चहा-पाणी मग.

जर्मनीत फिरण्यासाठी मात्र आम्हाला महागड्या गाड्या लागल्याच नाहीत. तिथे प्रत्येक राज्याचं एक दिवसाचं तिकीट मिळतं. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्याचं नाव बाडेन-व्युर्टेमबेर्ग. एकाच तिकिटावर पाच माणसं राज्यभरातल्या साध्या प्रादेशिक गाड्यांत दिवसभर फिरू शकतात. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून ते चालतं. भाच्याकडे तर महिन्याचं जर्मनी-तिकीट होतं. तेव्हा ते ५८ युरोंना होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालं. देशभरच्या साध्या गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात, फक्त लांबच्या वेगवान गाड्या नाहीत. ते आपोआप पुढच्या महिन्याला वाढतं, म्हणून पाहुण्याने घेतलं तर दहा तारखेच्या आत रद्द करायला विसरू नये.

नमाजचंही सांगते, कारण बहिणी विचारतात. सफरमध्ये कस्रची सवलत आहेच, आणि गाडीत उभं राहणं शक्य नसेल तर बसून अदा करता येते. दिशेची गफलत मात्र होऊ देऊ नका. आपण इथे पश्चिमेकडे तोंड करतो. जर्मनीतून किब्ला आग्नेयेला येतो. अम्मी पहिल्या दिवशी सवयीने मावळतीकडे वळल्या होत्या. मे महिन्याच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे मगरिब-इशाची वेळ पाहून गाडी निवडा. आणि घरून नेताना ध्यानात ठेवा, युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. भाभींचे कबाब आणि खव्याची मिठाई इथेच उतरवावी लागली.

आता पॅरिसच्या बदल्यात काय मिळालं ते. एका शनिवारी ते राज्याचं तिकीट घेऊन आम्ही पाच पाहुणे आणि स्वतःच्या तिकिटावर भाचा, असे हायडेलबर्गला गेलो. साधी गाडी, गावागावांत थांबत जाणारी. आपल्या डहाणू लोकलचीच बहीण. उर्दू शिकवणाऱ्या बाईला हायडेलबर्ग हे नाव नवीन नाही. अल्लामा इक्बाल १९०७ मध्ये या गावात जर्मन शिकत होते. नेकर नदीच्या काठच्या संध्याकाळवर त्यांची छोटीशी नज्म आहे, 'बांग-ए-दरा'मध्ये. नदीकाठच्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. वीस वर्षं मी मुलांना फळ्यावर ते नाव लिहून दाखवत होते, आणि माझ्या पहिल्या यादीत पॅरिस होतं, हे गाव नव्हतं.

अम्मी काठावरच्या बाकावर बसल्या. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला नातू. तीन वर्षांनी भेटलेला नातू त्यांना पाण्याची बाटली उघडून देत होता. मी त्यांना सांगितलं की शाळेत मुलं रोज सकाळी ज्यांची दुआ म्हणतात, ते इथे राहिले होते. अम्मींनी नदीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या अम्मीलाही इतकंच लांब वाटलं असेल."

परतीच्या गाडीत आरक्षण नव्हतं. डबा भरत गेला. एका स्टेशनवर एक म्हातारी बाई काठी टेकत चढली. आमची मुलगी कुणी न सांगता उठली आणि तिला जागा दिली. पालघरच्या लोकलमध्ये शिकलेली गोष्ट. ज्यांचं कुणी दूर देशी आहे, अल्लाह त्यांना सुखरूप भेटवो. आणि तिकिटांचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर पैसे भरायच्या आधी एकदा मोठ्याने विचारा: तिकीट आहे, पण जागा?